संसदेनं हाकललेल्या माणसाचा कायदा

समजा, तुम्ही मोबाइलवर आपल्या देशाची लोकसंख्या शोधलीत आणि उत्तर आलं की हे सरकारी गुपित आहे, सांगता येणार नाही. तुम्ही हसाल. पण १७४९ मध्ये स्वीडनने देशभरातल्या माणसांची मोजणी सुरू केली, तेव्हा आलेला आकडा सरकारने खरंच असा कुलपात ठेवला होता. आपण इतके थोडे आहोत हे शेजाऱ्यांना कळलं तर काय घ्या! आजचा स्वीडन आणि फिनलंड मिळून तेव्हा एक राज्य होतं, तरी माणसं पंचवीस लाखांच्या आतच. म्हणजे आजच्या एकट्या पुण्यापेक्षाही कमी. सरकारी खर्चाचे हिशेब गुपित, संसदेतल्या चर्चा गुपित. आणि छापायचं असेल काही, तर आधी हस्तलिखित सेन्सॉरच्या टेबलावर.

याच देशाने १७६६ मध्ये छापण्याच्या स्वातंत्र्याचा जगातला पहिला कायदा केला. सरकारी कागद बघण्याचा नागरिकांचा हक्कही त्याच कायद्यात होता. आपण ज्याला आरटीआय म्हणतो, त्याचा हा खापरपणजोबा. तो घडवून आणण्यात सगळ्यात जास्त घाम गाळला एका खेड्यातल्या पाद्रीबुवांनी. नाव अँडर्स शिडेनियस. मास कॉमच्या पुस्तकांत मिल्टन भेटतो, मिल भेटतो, शिडेनियस सहसा भेटत नाही. म्हणून आज त्याच्याबद्दल.

जन्म २६ फेब्रुवारी १७२९, सोतकामो नावाच्या गावी, उत्तर फिनलंडमध्ये. वडीलही पाद्री. अँडर्स पाच वर्षांचा असताना कुटुंब आणखी उत्तरेला कुसामोला गेलं. आर्क्टिक वर्तुळाच्या जरासं खाली, जंगल, तळी आणि लांब लांब विखुरलेली घरं. पुढे तुर्कू आणि उप्साला इथे शिक्षण झालं. १७५३ मध्ये तुर्कूमध्ये त्याने प्रबंध सादर केला तो अमेरिकेतल्या आदिवासींच्या बर्चच्या सालीपासून बनवलेल्या होड्यांवर! याचं कारण त्याचे प्राध्यापक पेर काल्म. ते नुकतेच उत्तर अमेरिकेतून फिरून आले होते. गाइडच्या आवडीचा विषय विद्यार्थ्याच्या गळ्यात, ही परंपरा किती जुनी आहे बघा.

त्याच वर्षी तो अलावेतेली या खेड्यात सहायक पाद्री म्हणून रुजू झाला. १७५५ मध्ये बेआता माग्दालेना मेलबर्गशी लग्न झालं, मूलबाळ झालं नाही. इथे त्याने रविवारच्या प्रवचनापलीकडे जे काही उद्योग केले ते वाचून दमायला होतं. दलदलीची जमीन निचरा करून शेतीखाली आणली. बटाटा लावून दाखवला. चांगल्या जातीच्या मेंढ्या पाळल्या. स्वतः औषधं बनवली, मोतीबिंदूची ऑपरेशनं केली. देवीची लस यायच्या आधी टोचण्याची जी जुनी पद्धत होती, ती त्या भागात वापरणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी तो एक.

पण गावाचं खरं दुखणं वेगळंच होतं. तिथले शेतकरी पाइनच्या लाकडापासून डांबर काढायचे. जहाजांना पाणी लागू नये म्हणून हे डांबर फासतात, त्यामुळे युरोपभर त्याला मागणी. कोक्कोला बंदर अगदी शेजारी, पण तिथून थेट परदेशी माल पाठवायला बंदी! माल आधी स्टॉकहोमला न्यायचा, तिथल्या व्यापाऱ्यांना ते म्हणतील त्या भावात द्यायचा, आणि मग ते तो जगाला विकणार. मीठ घ्यायचं तर तेही त्यांच्याकडूनच. आपल्याकडच्या शेतकऱ्याला दलाल आणि बाजार समिती वेगळं समजावून सांगावं लागत नाही, तसंच हे.

१७६५ मध्ये संसदेचं अधिवेशन बोलावलं गेलं आणि आपल्या भागातल्या सहायक पाद्रींचा प्रतिनिधी म्हणून शिडेनियस स्टॉकहोमला निघाला. ही संसद म्हणजे रिक्सदाग. तिच्यात उमराव, धर्मगुरू, शहरी व्यापारी आणि शेतकरी असे चार गट वेगवेगळे बसायचे. राजाच्या हातात फारशी सत्ता नव्हती. सही करायला तो नाही म्हणाला तर त्याच्या सहीचा शिक्का मारून काम उरकायची सोय होती. खरी मारामारी होती ती दोन पक्षांत, ‘हॅट’ आणि ‘टोपी’. हॅटवाल्यांना फ्रान्सचा पैसा, टोपीवाल्यांना रशियाचा. त्या वर्षी टोपीवाले जिंकले होते आणि शिडेनियस त्यांच्या बाजूचा.

छत्तीस वर्षांचा, खेड्यातला, कोणाच्या ओळखीचा नसलेला हा माणूस तिथे गेला आणि त्याने पत्रकांचा सपाटाच लावला. परदेशी जहाजांवर बंधनं घालून देशी जहाजमालकांची तिजोरी भरणाऱ्या १७२४ च्या कायद्यावर त्याने सडकून टीका केली. मोठा गहजब झाला, उत्तरादाखल पत्रकं निघाली, त्याने त्यांनाही उत्तरं दिली. त्याच वर्षी ‘देशाचा नफा’ अशा अर्थाचं एक छोटं पुस्तक लिहून मोकळ्या व्यापाराची बाजू मांडली. अॅडम स्मिथचं गाजलेलं पुस्तक यायला अजून अकरा वर्षं होती. आणि ज्या कामासाठी गावाने पाठवलं होतं तेही झालं. कोक्कोलासह त्या किनाऱ्यावरच्या काही बंदरांना परदेशी व्यापाराची परवानगी मिळाली.

या सगळ्यात त्याला एक गोष्ट रोज टोचत होती. प्रत्येक पत्रक छापण्याआधी सेन्सॉरकडे न्यायचं. तेव्हा या पदावर निक्लास फॉन ओएलराइख होते. एक माणूस ठरवणार की देशाने काय वाचायचं.

इथे जरा मागे जायला हवं. सहा वर्षांपूर्वी, १७५९ मध्ये, पेटर फोर्सकोल या हेलसिंकीत जन्मलेल्या तरुणाने नागरी स्वातंत्र्यावर एक छोटी पुस्तिका काढली होती. सेन्सॉरने काटछाट करून ती पास केली, तरी सरकारने लगेच बंदी घातली आणि प्रती गोळा करायचा हुकूम निघाला. उप्साला विद्यापीठात हे काम कोणाकडे आलं? कुलगुरूंकडे. आणि कुलगुरू होते वनस्पतींना लॅटिन नावं देणारे, शाळेत तुम्ही ज्यांचं नाव पाठ केलंय ते कार्ल लिनियस. फोर्सकोल त्यांचाच विद्यार्थी. छापलेल्या ५०० प्रतींपैकी हाती लागल्या ७९. बाकीच्या हातोहात गायब! फोर्सकोल पुढे वनस्पती गोळा करायला अरबस्तानात गेला आणि १७६३ मध्ये येमेनमध्ये तापाने वारला. त्याने मागितलेलं स्वातंत्र्य त्याने पाहिलंच नाही.

शिडेनियसने तोच धागा उचलला. १७६५ मध्ये अँडर्स क्राफ्टमन या सहकाऱ्याच्या नावाने जे निवेदन संसदेत गेलं, त्यामागे डोकं त्याचं होतं. मग समितीत बसून त्याने मसुद्यावर काम केलं. त्याचा मुद्दा भावनिक नव्हता, व्यवहाराचा होता. लोकांना लिहिता आलं नाही तर संसदेला देशात काय चाललंय तेच कळणार नाही, मग ती कायदे कशाच्या जोरावर करणार? न्यायाधीश आणि अधिकारी यांच्यावर नजर कोण ठेवणार? कोणी चुकीचं लिहिलं तर दुसरा त्याला छापूनच उत्तर देईल, त्यासाठी सेन्सॉर कशाला? चीनमध्ये बादशहावर टीका लिहून ठेवायची जुनी प्रथा आहे, असं सांगणारा एक मजकूरही त्याने डॅनिशमधून आणून प्रस्तावनेसह छापला. चीनचं ते चित्र फारच गुळगुळीत होतं, हे मला आज वाचताना जाणवतं, पण वाद जिंकायला उदाहरण लागतंच.

आणि नेमकं याच वेळी त्याने आपल्याच पक्षाला अंगावर घेतलं. हॅटवाल्यांनी बेसुमार नोटा छापून चलनाची किंमत घसरवली होती. टोपीवाल्यांनी ठरवलं की नोटांची किंमत हळूहळू पुन्हा जुन्या पातळीवर चढवायची. ऐकायला छान. पण शिडेनियसने गणित मांडलं. तुम्ही स्वस्त नोटांत कर्ज काढलंय आणि फेडायचंय महाग नोटांत, म्हणजे कर्जदार मेला, कारखानदार मेला. त्यापेक्षा आज जी किंमत आहे तिथेच ती कायम करा. हे त्याने छापलं, आणि तेही संसदेने निर्णय घेऊन झाल्यावर. १७६६ च्या उन्हाळ्यात धर्मगुरूंच्या गटाने त्याला संसदेतून हाकललं आणि पुढच्या अधिवेशनाची दारंही बंद केली. छापण्याच्या स्वातंत्र्यासाठी भांडणारा माणूस छापल्याबद्दल बाहेर! तो मुकाट्याने अलावेतेलीला परतला. पुढच्या दोन वर्षांत देशात मंदी आली आणि १७६९ मध्ये टोपीवाले सत्तेवरून गेले. जाता जाता सांगते, फिनलंडने १९८६ मध्ये १००० मार्कच्या नोटेवर जो चेहरा छापला तो याच चलन-गुन्हेगाराचा.

२ डिसेंबर १७६६ ला कायदा झाला, तेव्हा तो सभागृहात नव्हता. गावाकडे होता.

काय होतं त्यात? सेन्सॉरचं पद रद्द. लेखकाला पुस्तकावर आपलं नाव न घालण्याची मुभा, मग जबाबदारी छापखान्यावर. न्यायालयांचे निकाल, संसदेतली कामकाजं, सरकारी पत्रव्यवहार हे सगळं बघायला, उतरवून घ्यायला आणि छापायला मोकळं, काही अपवाद सोडून. यातलं मला सगळ्यात आवडलेलं कलम म्हणजे, कागद द्यायला जो अधिकारी टाळाटाळ करेल त्याची नोकरी जाणार. आपल्या २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात अशा अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये आणि जास्तीत जास्त २५ हजार रुपये दंड आहे. तुलना तुमची तुम्ही करा.

पण फार हुरळून जाऊ नका. धर्माबद्दलचं लिखाण चर्चच्या तपासणीखालीच राहिलं. राजघराण्यावर आणि राज्याच्या मूलभूत कायद्यांवर हल्ला करायला मनाई होतीच. शिडेनियस शेवटी पाद्रीच होता आणि त्याच्या कायद्याला पाद्र्याच्या झग्याएवढीच मोकळीक होती, असं म्हटलं तर चूक नाही.

शिवाय हे फार टिकलंही नाही. १७७२ मध्ये राजा तिसरा गुस्ताव याने सत्ता आपल्या हातात घेतली आणि १७७४ मध्ये कायद्याला कात्री लावली. मात्र बी मेलं नव्हतं. १८०९ मध्ये राज्यघटना बदलल्यावर ते पुन्हा उगवलं, आणि आज स्वीडनमध्ये जो छापस्वातंत्र्य कायदा आहे तो १९४९ चा, देशाच्या चार मूलभूत कायद्यांपैकी एक. त्यात आज काय आहे ऐका. सरकारी नोकराने पत्रकाराला माहिती दिली, तर ठरावीक गुपितं वगळता तो गुन्हा नाही. आणि ही माहिती कोणी फोडली याचा शोध घ्यायला साहेबांना कायद्यानेच मनाई आहे. साहेबाने ऑफिसात सगळ्यांना उभं करून कोण बोललं असं विचारलं, तर खटला साहेबावर होऊ शकतो! पत्रकारानेही नाव गुप्त ठेवायचा शब्द मोडून सोर्स उघड केला तर त्यालाही शिक्षा आहे. २०१० मध्ये आइसलँडच्या संसदेने, बँका बुडून देश हादरल्यानंतर, जगभरातले चांगले कायदे वेचून पत्रकार आणि व्हिसलब्लोअर यांना आसरा देणारा देश व्हायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी स्वीडनकडेही बघितलं. आपल्याकडे व्हिसलब्लोअर संरक्षण कायदा २०१४ मध्ये संमत झाला, तो लागू करणारी अधिसूचना मात्र वर्षानुवर्षं रखडली.

इकडे शिडेनियस १७७० मध्ये कोक्कोलाचा मुख्य पाद्री झाला. वडिलांनी सांभाळलेलीच जागा. १७७८ मध्ये तो पुन्हा संसदेत आला, पुन्हा वादात. तेव्हा शेतावरच्या गड्यांना मालक स्वतः निवडण्याचा किंवा मजुरी ठरवण्याचा हक्क नव्हता. तो त्यांच्या बाजूने लिहायला लागला आणि जमीनदार भडकले. सोबतचे पाद्रीही वैतागले, कारण देशात राहणाऱ्या परक्या धर्माच्या लोकांना आपापली उपासना करू द्या, हा प्रस्तावही याच पाद्रीबुवाने आणला. राजाचा पाठिंबा होता म्हणून तो पार पडला. त्यातूनच १७८१ चा धर्मसहिष्णुतेचा आदेश निघाला.

१७८० च्या सुमारास त्याने आपलं छोटंसं आत्मवृत्त लिहिलं. बंदरं, व्यापार, चलन या सगळ्या भानगडी मागे टाकून त्याने नोंदवलं की संसदेत त्याने छापण्याच्या स्वातंत्र्याइतकी मेहनत दुसऱ्या कशावरही घेतली नाही.

नंतर तो एकदाच संसदेत गेला, १७९२ मध्ये. बाकी वेळ कोक्कोलाच्या पाद्रीवाड्यात. तिथे त्याने घरातच वाद्यवृंद जमवला होता. बागेत प्रयोग चालू होतेच. साठी उलटल्यावरही तो देवीच्या रोगावर, बंदुकीच्या दारूसाठी लागणाऱ्या सोऱ्यावर, उत्तरेकडच्या ओसाड जमिनीवर वस्ती कशी करता येईल यावर लिहीत होता. १ फेब्रुवारी १८०३ ला, चौऱ्याहत्तरावा वाढदिवस साडेतीन आठवड्यांवर असताना, कोक्कोलातच त्याचं निधन झालं. सहा वर्षांनी फिनलंड रशियाच्या ताब्यात गेला आणि त्याचं गाव व त्याचा कायदा दोन वेगळ्या देशांत राहिले.