खानखोज्यांचे कणीस आणि निर्ण्याची तूर

बीदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांच्या शिवेवर निर्णा नावाचे एक गाव आहे. हा सारा पट्टा काळ्या जमिनीचा, पावसावर विसंबलेला, मराठी, कानडी आणि उर्दू अशा तिन्ही भाषा बाजारात सारख्याच सहजतेने कानी पडणारा आणि तुरीसाठी नावाजलेला. १९९७-९८च्या हंगामात या भागातील तुरीवर घाटेअळी तुटून पडली. शेतकऱ्यांनी कर्ज काढून औषधे आणली, फवारणीमागून फवारणी केली. अळी मेली नाही, पीक मात्र गेले, आणि बीदर जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची एक विदारक मालिका घडली. औषध लागू पडले नाही याचा जाब कोणी द्यावयाचा? ते बनविणाऱ्याने, विकणाऱ्याने, की त्यास परवाना देणाऱ्या सरकारने? हा प्रश्न त्या वेळी पुष्कळांनी विचारला. त्याचे उत्तर त्या विधवांपर्यंत पोहोचले नाही.

बियाणे आणि औषध यांचा व्यापार जेव्हा जेव्हा असा शेतकऱ्याच्या जिवावर उठतो, तेव्हा तेव्हा आम्हांस पांडुरंग सदाशिव खानखोजे यांची आठवण होते. क्रांतिकारक म्हणून त्यांचे नाव आपल्याकडे थोडेबहुत घेतले जाते. बियाण्यांचा शास्त्रज्ञ म्हणून ते जवळजवळ विस्मरणात गेले आहे. वास्तविक त्यांच्या आयुष्याचे हे दोन भाग वेगळे नव्हतेच.

खानखोजे मूळचे वर्ध्याचे. गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात, १८८०च्या दशकात, त्यांचा जन्म झाला. त्यांचे बाळपण सरते न सरते तोच १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ पडले व मध्यप्रांत होरपळून निघाला. लोकमान्य टिळकांच्या विचारांनी भारलेल्या या तरुणाने घर सोडले, जपान गाठला आणि तेथून अमेरिकेचा किनारा. उद्देश लष्करी शिक्षण घेण्याचा होता, आणि कॅलिफोर्नियातील एका सैनिकी विद्यालयात त्यांनी ते घेतलेही. परंतु तेवढ्यावर न थांबता त्यांनी ऑरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांतील शेतकी महाविद्यालयांत प्रवेश घेतला. बंदूक आणि नांगर या दोन्ही विद्या एकाच माणसाने एकाच ध्येयासाठी शिकाव्यात, ही गोष्ट त्या पिढीलाच साधू शकली.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर त्या काळी लाकडाच्या गिरण्यांतून आणि मळ्यांतून हजारो पंजाबी मजूर राबत होते. त्यांच्यातूनच १९१३ साली गदर पक्ष उभा राहिला. लाला हरदयाळ, सोहनसिंग भकना यांच्या बरोबरीने खानखोजे त्या कामात होते, आणि त्यांचे एक सहकारी होते आपल्या तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णु गणेश पिंगळे. पिंगळे हिंदुस्थानात परतले, पकडले गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा यांच्यासह फासावर गेले. खानखोजे दुसऱ्या वाटेने निघाले. तुर्कस्तानमार्गे इराणात जाऊन तेथील टोळ्यांना बरोबर घेऊन इंग्रजी फौजांशी लढावयाचे, असा तो बेत होता. तेथे ते लढले, जखमी झाले, शत्रूच्या हाती सापडले आणि निसटले. महायुद्ध संपले तेव्हा मायदेशाचे दार त्यांना बंद झाले होते. बर्लिन आणि मॉस्को अशी मुशाफिरी करून १९२४च्या सुमारास ते मेक्सिकोत पोहोचले.

येथे त्यांच्या आयुष्याचा दुसरा खंड सुरू होतो. मेक्सिकोत नुकतीच क्रांती होऊन गेली होती. जमीनदारांच्या जमिनी कुळांना वाटल्या जात होत्या, पण जमीन मिळालेल्या कुळाला चांगले बी, पाणी आणि विद्या कोण देणार, हा प्रश्न उरलाच होता. कूळकायद्याचा अनुभव असलेल्या आपल्या वाचकांना तो समजावून सांगण्याची गरज नाही. अमेरिकेत असताना ओळख झालेले रामोन दे नेग्री हे मेक्सिकन क्रांतिकारक आता सत्तेच्या वर्तुळात होते. त्यांच्या साहाय्याने खानखोज्यांना चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात अध्यापकाची जागा मिळाली. मका हे त्या देशाचे अन्नब्रह्म. मक्याचा रानात वाढणारा एक भाऊबंद आहे, त्याला तेथे तेओसिंते म्हणतात. त्याचा आणि शेतातल्या मक्याचा संकर करून खानखोज्यांनी नवे वाण घडविण्याचे प्रयोग केले. गव्हावर आणि कडधान्यांवरही त्यांनी काम केले. थंडीला व रोगाला टिकाव धरणारे वाण त्यांना हवे होते.

परंतु प्रयोगशाळेत कणीस भरले म्हणजे काम संपले असे त्यांनी मानले नाही. त्यांनी खेड्यांतून मुक्त शेतकी शाळा काढल्या. गरीब शेतकऱ्याला शुल्क न घेता बी निवडणे, जमीन राखणे, कीड ओळखणे या गोष्टी तेथे शिकविल्या जात. थोर चित्रकार दिएगो रिव्हेरा यांचे या शाळांना पाठबळ होते आणि तिना मोदोत्ती या विख्यात छायाचित्रकर्तीने खानखोज्यांच्या मक्याची व त्यांच्या शेतकऱ्यांची छायाचित्रे घेतली. मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रिव्हेरा यांनी रंगविलेले एक भित्तिचित्र आहे. मेजाभोवती सर्व थरांतील माणसे बसली आहेत आणि मधोमध एक जण सर्वांना भाकरी वाटून देतो आहे. तो भाकरी वाटणारा म्हणजे वर्ध्याचे खानखोजे, असे मानले जाते.

देश स्वतंत्र झाल्यावरही त्यांच्या परतीची वाट लगेच सुकर झाली नाही. ज्यांनी इंग्रजांच्या काळ्या यादीत नाव मिरविले, त्यांच्या वाट्याला स्वकीयांच्या कचेऱ्यांतूनही हेलपाटे यावेत, हा आपल्या कारभाराचा जुना लौकिक आहे. अखेर १९५५ साली ते नागपुरात येऊन स्थिरावले आणि जानेवारी १९६७मध्ये तेथेच त्यांनी देह ठेवला. त्याच्या आदल्याच वर्षी मेक्सिकोत तयार झालेल्या गव्हाचे अठरा हजार टन बियाणे भारत सरकारने जहाजांतून मागविले होते आणि त्याच वर्षी बियाणे कायदाही संमत झाला होता. हरितक्रांतीला आरंभ झाला तेव्हा मेक्सिकोच्या मातीत राबलेला हा मराठी माणूस नागपुरात अखेरचे दिवस मोजत होता.

त्यांच्या मृत्यूनंतर बियाण्याचे जग पार पालटले. मार्च २००२मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. एका जिवाणूतील जनुक कपाशीत घालून बोंडअळीला मारक असे वाण तयार झाले, आणि आरंभी शेतकऱ्याला त्याचा लाभ झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण साडेचारशे ग्रॅमच्या एका पाकिटाला एका काळी सोळाशे रुपयांच्या वर किंमत पडे आणि त्यातील साडेबाराशे रुपये निव्वळ तंत्रज्ञानाचे मोल म्हणून घेतले जात. २००६ साली मक्तेदारी-नियंत्रण आयोगापर्यंत वाद गेल्यावर ती किंमत साडेसातशेवर आली. म्हणजे उरलेले पैसे कशाचे होते? पुढे गुलाबी बोंडअळी त्या विषाला सरावली आणि २०१७ साली महाराष्ट्रातील कपाशीवर तिने धुमाकूळ घातला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने दगावले.

मृतांनी हातमोजे घातले नव्हते, तोंडाला फडके बांधले नव्हते, दोन औषधे एकत्र केली होती, असे त्या वेळी सांगण्यात आले. असेलही. परंतु आश्विनातल्या उन्हात डोक्याइतक्या उंच कपाशीत रोजाने फवारणारा मजूर प्लास्टिकचा अंगरखा चढवून दिवसभर काम करू शकत नाही, हे विष विकणाऱ्याला ठाऊक नसते काय? बाटलीबरोबर बारीक टायपातले पत्रक दिले की आपली जबाबदारी संपली, ही समजूत नीतीच्या कोणत्याही कसोटीला उतरत नाही. सप्टेंबर २०२०मध्ये यवतमाळच्या काही पीडितांनी व मृतांच्या नातलगांनी एका स्विस कंपनीविरुद्ध थेट बाझेलच्या न्यायालयात दाद मागितली. केरळातील १९५८च्या विषबाधेत शंभरावर माणसे गेल्यानंतर १९६८ साली कीटकनाशक कायदा झाला. त्याने नोंदणी आणली, परवाना आणला, शिक्षा आणल्या, पण विषबाधा झालेल्या मजुराला कंपनीकडून सरळ भरपाई मिळवून देणारी वाट काही त्याने घालून दिली नाही. १९८४चे भोपाळ हेही कीटकनाशकाच्याच कारखान्यात घडले, याचे विस्मरण होऊ नये.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. खानखोज्यांचे स्मरण करून विज्ञानाला शिव्याशाप देणे हा त्यांचाच अपमान ठरेल. त्यांनी स्वतः रानटी आणि पाळीव वाणांची सोयरीक जुळविली होती. अर्थात शेतातला संकर आणि जनुकाचे रोपण या एकच गोष्टी नव्हेत. दुसरीची परीक्षा अधिक कडक हवी. फेब्रुवारी २०१०मध्ये बीटी वांग्याला स्थगिती मिळाली ती बंगळूर, नागपूर आदी सात शहरांत जनसुनावण्या होऊन. प्रयोगाची आकडेवारी उघड्यावर मांडावी, विरोधकांनी ती तपासावी, मग निर्णय व्हावा, हा मार्ग विज्ञानविरोधी नाही. तोच खरा विज्ञानाचा मार्ग होय. तेव्हा वाद नव्या बियाण्याशी नाही. नफा कंपनीचा, जोखीम मात्र शेतकऱ्याची आणि मजुराची, या वाटणीशी आहे.

वनस्पतींच्या वाणांविषयीच्या २००१च्या कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा व देण्याघेण्याचा हक्क दिला. बियाणे सांगितल्याप्रमाणे उतरले नाही तर भरपाई मागण्याचीही त्यात तरतूद केली. कागदावर हे सारे आहे. निर्ण्याच्या शेतकऱ्याने पावती, पाकीट आणि पंचनामा घेऊन कोणाच्या दारात उभे राहावे, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही. कलबुर्गीच्या भागात तुरीचे झाड हलवून अळ्या खाली पसरलेल्या चादरीवर पाडण्याची जुनी रीत आहे. शास्त्रज्ञांनीही ती उपयोगी ठरविली. पण तिची जाहिरात कोण करणार? चादर विकून कोणाची तिजोरी भरत नाही.

आपण किनारपट्टीवरची माणसे, हा घाटावरचा प्रश्न आहे असे समजून स्वस्थ बसू शकत नाही. आपल्या खाजनांतील खाऱ्या पाण्याला तोंड देणारे कोरगुट भात कोणत्याही कंपनीने दिलेले नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या कुळांनी ते निवडून राखले. आपली भाजी रोज बेळगावहून येते, आणि चतुर्थीच्या नैवेद्याच्या वरणातली डाळ त्याच काळ्या रानातली असू शकते. तिच्यावर काय फवारले गेले आणि ते फवारणारा घरी सुखरूप पोहोचला की नाही, हे विचारणे हाही आपल्या धर्माचाच भाग आहे.

सप्टेंबर २०२२मध्ये चापिंगोच्या कृषिविद्यापीठात खानखोज्यांचा पुतळा उभा राहिला आणि आपल्या लोकसभेच्या अध्यक्षांनी तेथे जाऊन त्याचे अनावरण केले. त्याचा आम्हांस आनंद आहे. परंतु कीटकनाशकांविषयी नवा कायदा करण्याचे विधेयक राज्यसभेत मांडले गेले ते त्याआधी दोन वर्षे, २०२० साली. सातासमुद्रांपलीकडे जाऊन ज्या संसदेने या शेतकऱ्यांच्या शिक्षकाला हार घातला, तिने घरच्या फवारणाऱ्या मजुराला भरपाईचा हक्क शब्दांत लिहून द्यावा आणि तो देण्याचा भार विष विकणाऱ्यावर टाकावा. आपल्या प्रतिनिधींनी ही मागणी दिल्लीत मांडली पाहिजे, आणि ती मांडली की नाही, हे मतदारांनी त्यांना विचारले पाहिजे.