हिमशिखरांवरून पेत्राच्या आसनाकडे : पोप पायस अकरावे

इटली आणि स्वित्झर्लंड यांच्या सरहद्दीवर मोंते रोझा हा आल्प्समधील विशाल पर्वतसमूह उभा आहे. त्याच्या पूर्व पायथ्याशी माकुन्यागा हे इटालियन खेडे आहे, तर पलीकडच्या अंगाला झरमॅट हे स्विस गाव. आज अनेक देशांतील हौशी पदयात्री वाटाड्यांना सोबत घेऊन या पर्वताभोवती आठ-दहा दिवसांची भ्रमंती करतात. खिंडीमागून खिंडी ओलांडीत, रोज नव्या खोऱ्यात मुक्काम करीत ते पर्वताला वळसा घालून माकुन्यागाहून झरमॅटला जातात. १८८९ च्या जुलै महिन्यात मात्र मिलान धर्मप्रांतातील दोन धर्मगुरू वळसा न घालता थेट पर्वत ओलांडून पलीकडे उतरले. त्यांपैकी एकाचे नाव होते फादर आकिल्ले रात्ती. हेच पुढे १९२२ साली पोप पायस अकरावे झाले. लातेरान करार करणारे पोप, ख्रिस्तराजाचा सण सुरू करणारे पोप म्हणून ते आपल्या वाचकांना परिचित आहेत. त्यांच्या आयुष्याची दुसरी बाजू तितकीशी सांगितली जात नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आकिल्ले रात्ती यांचा जन्म ३१ मे १८५७ रोजी मिलानच्या उत्तरेस असलेल्या देझिओ या गावी झाला. वडील फ्रान्चेस्को रेशमाच्या कारखान्यात व्यवस्थापक होते. आकिल्ले यांचे काका फा. दामियानो हे आस्सो येथे प्रमुख धर्मगुरू होते. कोमो सरोवराच्या दोन फाट्यांमध्ये डोंगरांच्या कुशीत हे गाव वसलेले आहे. सुट्टीत काकांकडे जाणाऱ्या या मुलाला डोंगराची ओढ तेथेच लागली आणि धर्मगुरू होण्याची प्रेरणाही बहुधा त्याच घरात मिळाली. १८७९ साली रोममध्ये त्यांची गुरुदीक्षा झाली. तीन विषयांत डॉक्टरेट मिळवून ते मिलानला परतले, गुरुविद्यालयात शिकवू लागले आणि १८८८ साली तेथील विख्यात अँब्रोझियन ग्रंथालयात रुजू झाले. वर्षभर जुन्या हस्तलिखितांत डोके घालून बसायचे आणि उन्हाळा आला की पाठीवर पिशवी टाकून आल्प्समध्ये जायचे, असा त्यांचा क्रम पडला. इटालियन आल्पाइन क्लबचे ते सदस्य होते आणि आपल्या चढायांची हकीकत क्लबच्या नियतकालिकात लिहीत असत. ती पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्यातील भाषा ग्रंथपालाचीच आहे. वेळ, उंची, अंतर यांची काटेकोर नोंद, आणि भावनेला अगदी मोजकी जागा.

मोंते रोझाची पूर्वेकडील भिंत माकुन्यागाच्या खोऱ्यातून दोन हजार मीटरहून अधिक सरळ वर उठते. आल्प्समधील ही सर्वांत उंच भिंत मानली जाते. १८७२ साली ती प्रथम सर झाली. त्या चढाईचा वाटाड्या होता फर्डिनांड इमझेंग. नऊ वर्षांनी, १८८१ च्या ऑगस्टमध्ये, दामियानो मारिनेल्ली नावाच्या गिर्यारोहकाबरोबर तो पुन्हा त्याच भिंतीवर गेला असता हिमकडा कोसळला आणि मारिनेल्ली, इमझेंग व आणखी एक वाटाड्या असे तिघे मृत्युमुखी पडले. ज्या घळीतून बर्फ कोसळते तिला आणि तिच्या बाजूला ३०३६ मीटर उंचीवर बांधलेल्या छोट्या निवाऱ्याला आज मारिनेल्लीचेच नाव आहे. ही घळ रात्री, थंडीने बर्फ घट्ट झालेले असतानाच ओलांडावी लागते. सूर्य वर आला की वरचे बर्फ सुटू लागते.

२९ जुलै १८८९ रोजी फा. रात्ती आणि त्यांचे स्नेही फा. लुईजी ग्रासेल्ली माकुन्यागाहून या निवाऱ्यात पोहोचले. सोबत कुर्मायर येथील वाटाड्या जुझेप्पे गादिन आणि सामान वाहून नेणारा आलेस्सिओ प्रोमें असे दोघे होते. आमच्या मते या कथेत गादिनचे स्थान दोन्ही धर्मगुरूंपेक्षा उणे नाही. आल्प्सच्या खेड्यांतील वाटाडे हे बहुधा गुरेढोरे राखणाऱ्या गरीब घरांतले. उन्हाळ्याचे दोन-तीन महिने मिळणाऱ्या या कामावर त्यांच्या घरची चूल पेटे. दोराच्या पहिल्या टोकाला तोच असतो, हिमकुऱ्हाडीने बर्फात पायऱ्या तोच खोदतो आणि मागच्याचा पाय घसरला तर झटका त्यालाच बसतो. तो थांबा म्हणाला की पैसे देणाऱ्यानेही थांबायचे, हा डोंगरातला नियम.

मध्यरात्रीनंतर चौघे निवाऱ्यातून निघाले आणि अंधारातच त्यांनी घळ पार केली. पुढची चढण अपेक्षेपेक्षा फार लांबली. भुसभुशीत बर्फ, भेगा, मग बर्फाने मढलेले खडक. पूर्वेकडील शिखरावर ते पोहोचले तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजून गेले होते. अठरा तासांहून अधिक काळ ते पायांवर होते, आणि झरमॅटच्या बाजूची उतरण अजून पाहिलेलीही नव्हती.

आता काय करायचे? थकलेल्या अवस्थेत अंधारात उतरू लागणे, की जेथे आहोत तेथेच रात्र काढणे? दोन्हींत जिवाला धोका होता. चौघांनी थांबण्याचे ठरवले. माथ्यावर वारा झोंबत होता, म्हणून ते थोडे खाली सरकून सुमारे ४६०० मीटर उंचीवरच्या एका खडकाच्या आश्रयाला आले. जागा इतकी अरुंद की हातपाय मोकळे करणेही कठीण. कॉफी गोठली, द्राक्षारस आणि अंडी घेण्याजोगी राहिली नाहीत. थोडे चॉकलेट आणि कडक मद्याचे घोट यांवर रात्र निभावली. झोपणे म्हणजे मरण, हे सर्वांना ठाऊक होते, म्हणून पाय आपटीत, एकमेकांशी बोलत त्यांनी डोळे उघडे ठेवले. खाली दरीत कुठेतरी प्रचंड हिमकडा कोसळल्याचा आवाज त्यांनी ऐकला. वर आकाश निरभ्र होते. त्या रात्रीच्या ताऱ्यांविषयी आणि त्या निःशब्दतेत जाणवलेल्या ईश्वराच्या सान्निध्याविषयी फा. रात्तींनी लिहिले आहे. एरवी मोजूनमापून लिहिणारी त्यांची लेखणी तेवढ्यापुरती सैल झालेली दिसते.

३१ जुलैच्या सकाळी ते ४६३४ मीटर उंचीच्या ड्युफूर शिखरावर उभे राहिले. माकुन्यागाहून चढून हे शिखर पार करीत झरमॅटला उतरणारी ती पहिली इटालियन तुकडी. उतरताना त्यांनी झुमश्टाइन नावाची खिंड ओलांडली, जी तोवर कोणीही पार केली नव्हती. अंधार पुन्हा वाटेतच पडला आणि दुसरी रात्रही उघड्यावर गेली. १ ऑगस्टला ते झरमॅटला पोहोचले. एवढे झाल्यावर कोणीही सरळ घरी परतला असता. या धर्मगुरूंनी मात्र थोडी विश्रांती घेऊन त्याच महिन्यात मॅटरहॉर्नही गाठले!

धर्मगुरूने आपला आणि इतरांचा जीव असा धोक्यात घालावा काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. तो त्या काळीही विचारला जात असे. फा. रात्तींची भूमिका स्पष्ट होती : खरे गिर्यारोहण म्हणजे बेफिकिरी नव्हे, त्यात आधी सावधपणा लागतो आणि मग धैर्य. वाटाडे निवडण्यापासून हवामानाची पारख करण्यापर्यंत त्यांची तयारी चोख असे, हे खरेच. तरीही आम्हाला प्रामाणिकपणे असे वाटते की त्या रात्री हवा बिघडली असती तर ही सगळी सावधगिरी अपुरी पडली असती आणि प्रोमें व गादिन यांच्या घरी काय निरोप गेला असता, हे सांगायला नको. योग्य वेळी थांबण्याचा शहाणपणा त्यांनी दाखवला, आणि उरलेले देवाच्या कृपेने निभावले.

पुढच्या वर्षी, १८९० साली, याच मंडळींसह ते माँ ब्लाँवर गेले. उतरताना त्यांच्या तुकडीने डोम हिमनदीकडून नवी वाट काढली. इटलीच्या बाजूने माँ ब्लाँ चढणारे आजही मुख्यतः तीच वाट धरतात. दक्षिणेत नेपल्सच्या उपसागराकाठचा व्हेसुव्हियस ज्वालामुखीही ते चढले. हिमनद्यांची सवय असलेल्या या माणसाने समुद्रकिनाऱ्यावरच्या राखेच्या डोंगराचे वर्णनही तितक्याच आस्थेने केले आहे.

नंतरचा काळ भराभर सांगता येईल. १९०७ साली ते अँब्रोझियन ग्रंथालयाचे प्रमुख झाले, १९१४ साली व्हॅटिकन ग्रंथालयाचे. १९१८ साली पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी या साठीच्या ग्रंथपालाला अचानक पोलंडला पाठवले. १९२० च्या ऑगस्टमध्ये बोल्शेविक फौजा वॉर्सोच्या वेशीपर्यंत आल्या, तेव्हा बहुतेक परदेशी वकिलांनी शहर सोडले. ते मात्र हलले नाहीत. १९२१ साली ते मिलानचे आर्चबिशप व कार्डिनल झाले आणि ६ फेब्रुवारी १९२२ रोजी, चौदाव्या मतदानात, पोप म्हणून निवडले गेले.

येथे त्यांच्या आयुष्याने एक विलक्षण वळण घेतले. १८७० साली इटालियन राज्याने रोम ताब्यात घेतल्यापासून पोप व्हॅटिकनबाहेर पाऊल टाकीत नसत. ज्याने दोन दिवसांत एक देश सोडून दुसऱ्या देशात डोंगरावरून उतरावे, त्याच्या वाट्याला आता सुमारे ४४ हेक्टरांचे आवार आले. निवडीनंतर त्यांनी १८७० पासून बंद असलेला बाहेरचा सज्जा उघडायला लावून चौकातील जनसमुदायाला आशीर्वाद दिला. पुढे काय करायचे आहे याची ती सूचनाच होती. पण कोंडी फुटायला आणखी सात वर्षे लागली. ११ फेब्रुवारी १९२९ रोजी लातेरान करार झाला आणि त्याच वर्षी २५ जुलै रोजी ते ख्रिस्तशरीराच्या मिरवणुकीबरोबर संत पेत्राच्या चौकात आले. मुसोलिनीशी हा करार केल्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली, आजही होते. पण १९३१ साली फॅसिस्टांनी कॅथलिक युवक संघटनांवर हात टाकताच त्यांनी जाहीर निषेध केला आणि १९३७ साली नाझी राजवटीविरुद्ध जर्मन भाषेत परिपत्रक काढून ते जर्मनीतील चर्चच्या व्यासपीठांवरून वाचायला लावले, हेही विसरता येणार नाही.

कोंडलेल्या त्या वर्षांतही डोंगर त्यांच्या मनातून गेले नव्हते. १९२३ साली त्यांनी मेंतोंचे संत बर्नार्ड यांना आल्प्सवासीयांचे आणि गिर्यारोहकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. बर्फात वाट चुकलेल्या प्रवाशांसाठी उंच खिंडीत आश्रयगृह उभारणारे हे संत. १९२८ साली उम्बेर्तो नोबिले हवाई जहाजातून उत्तर ध्रुवाकडे निघाले, तेव्हा पोपनी त्यांच्याकडे लाकडी क्रूस दिला. तो २४ मे रोजी ध्रुवावर टाकण्यात आला.

आपल्या भागाशीही त्यांचा संबंध आहे. १९२८ साली त्यांनी पोर्तुगालशी केलेल्या करारान्वये पाद्रोआदोखालील दमण धर्मप्रांत विसर्जित झाला आणि वसई व साष्टीतील धर्मग्रामे मुंबई आर्चडायोसिसकडे आली. एकाच गावात दोन अधिकाऱ्यांची आज्ञा कोणी कोणती मानायची या जुन्या तंट्याने आपल्या पूर्वजांना पिढ्यान्‌पिढ्या छळले होते. त्यावर हा मोठा उतारा ठरला. त्यांच्याच काळात, १९२३ साली, तिबुर्सियस रोश यांची तुतिकोरिनसाठी नेमणूक होऊन आधुनिक काळातील लॅटिन विधीचे पहिले भारतीय बिशप आपल्या देशाला मिळाले. ऑक्टोबरात आपण जो मिशन रविवार पाळतो, तोही त्यांनीच १९२६ साली सुरू केला.

१९३६ च्या अखेरीस त्यांना हृदयविकाराने गाठले आणि पायांतील रक्ताभिसरण बिघडले. ज्या पायांनी मोंते रोझा ओलांडला, तेच पाय आता असह्य दुखू लागले. तरीही कामकाज त्यांनी सोडले नाही. लातेरान कराराच्या दहाव्या वर्षदिनी इटलीच्या सर्व बिशपांपुढे बोलण्याची त्यांची तयारी चालली होती. त्या दिवसाच्या आदल्या पहाटे, १० फेब्रुवारी १९३९ रोजी, त्यांचे देहावसान झाले.

पिएमाँतमधील पोल्लोने हे लहानसे गाव आपल्या वाचकांना ठाऊक असेल. ७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपद मिळालेले गिर्यारोहक तरुण पिएर जॉर्जो फ्रास्साती यांच्या कुटुंबाचे घर तेथे होते आणि १९२५ साली निधन झाल्यावर त्यांना तेथेच पुरण्यात आले होते. याच पोल्लोनेत जन्मलेले सालेशियन धर्मगुरू आल्बेर्तो दे आगोस्तिनी यांनी दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, पातागोनियात, आयुष्याची बरीच वर्षे डोंगर धुंडाळण्यात घालवली. तेथील एका महाकाय हिमनदीला त्यांनी गिर्यारोहक पोपचे नाव दिले. चिलीच्या नकाशावर ती पायस अकरावे यांच्या नावानेच दाखवली जाते. आजूबाजूच्या बहुतेक हिमनद्या मागे हटत असता ही गेल्या काही दशकांत पुढे सरकली आहे. सुमारे ६५ किलोमीटर लांबीचा तिचा प्रवाह पर्वतांवरच्या बर्फाच्या पठारावरून निघतो आणि खाडीत, थेट समुद्राच्या पाण्यात उतरतो.