चार जिल्ह्यांचे जज्ज

महादेव गोविंद रानडे म्हटलं की आपल्याला हायकोर्टातले न्यायमूर्ती आठवतात. पण हायकोर्टात ते बसले १८९३ साली, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी. त्याआधी वीस-बावीस वर्षे त्यांनी खालच्या कोर्टांतच काढली. मी स्वतः तालुक्याच्या कोर्टात उभा जन्म कारकुनी केलेला माणूस. म्हणून मला त्यांची तीच वर्षे जास्त मोलाची वाटतात.

जन्म नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा, १८ जानेवारी १८४२. वडील कोल्हापूर दरबारी नोकरीला, त्यामुळे बालपण तिकडेच गेलं. पुढे मुंबईत शिक्षण. फार वाचून डोळे अधू झाले ते कायमचेच. १८७१ च्या अखेरीस ते पुण्याला सबजज्ज म्हणून आले.

एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या माणसाने १८७३ साली पहिली पत्नी वारल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवली आणि अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. लोकांनी नावं ठेवली, ती उगीच ठेवली असं मला म्हणवत नाही. त्याच रमाबाईंना मात्र त्यांनी घरच्यांचा विरोध सोसून शिकवलं.

पुण्यातलं त्यांचं वजन सरकारला खुपू लागलं. १८७८ मध्ये नाशिकला बदली झाली. १८७९ च्या मे महिन्यात पुण्याचा बुधवारवाडा जळाला, तिकडे वासुदेव बळवंतांचं बंड चाललेलं. लगेच रानड्यांना हुकूम, धुळ्याला हजर व्हा! तिथे त्यांची टपाल फोडून वाचली जाई. बंडवाल्यांच्या नावाने त्यांना पत्रंही येत, म्हणजे हा माणूस काय करतो ते बघायला टाकलेला गळच म्हणायचा. ते ती पत्रं सरळ अधिकाऱ्यांकडे पाठवून देत आणि कोर्टाच्या वेळेला कोर्टात जाऊन बसत. तक्रार नाही, राजीनामा नाही. सकाळी उठून तुकोबांचे अभंग म्हणण्याचा नेम होता, तोही चुकला नाही. ते प्रार्थना समाजाचे. मूर्तिपूजा त्यांच्या मताची नव्हती, पण तुकोबा आपलेच आणि त्यांचेही. पुढे वरिष्ठांचीच खात्री पटली की संशय फुकाचा होता.

खरं काम यापुढचं. १८७५ साली १२ मे रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं लुटली, खतं हिसकून जाळली. का, तर १८५९ च्या कायद्याने खताची मुदत तीन वर्षांवर आली होती. मुदत भरत आली की सावकार व्याज मुद्दलात घालून नवं खत लिहून घेई. कुणब्याचा अंगठा खाली, वर आकडा काय तो देवाला ठाऊक. कोर्ट फक्त कागद बघणार. तारखेला कुणबी यायचा नाही, कारण वाट लांब आणि कोर्टाचं भय. मग एकतर्फी हुकूमनामा आणि जप्ती. अहो, कागद खरा आणि देणं खोटं, असे दावे मीही हाताळलेत!

यावर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. आता कागदामागे जाऊन जज्जाने पहिल्या रुपयापासून हिशेब तपासायचा, आणि कर्जापायी कुणब्याला तुरुंगात घालायचं नाही. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांतल्या सबजज्जांचं या कायद्याखालचं काम तपासायला एक स्पेशल जज्ज नेमला. रानडे आधी त्याचे मदतनीस झाले आणि नंतर स्वतः स्पेशल जज्ज. त्या कामासाठी फिरती मोठी. कधी तंबूत, कधी मिळेल त्या जागी मुक्काम. रमाबाई बरोबर असत. डोळे साथ देत नसले की कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे. कुठल्या तरी कोपऱ्यातल्या कुणब्याचा पंचवीस-तीस रुपयांचा दावा, पण त्याचाही हिशेब बघायचा. सावकार सगळेच वाईट असं त्यांनी कधी धरलं नाही. दोन्ही बाजूंनी आपसात मिटवावं म्हणून गावोगाव तडजोड करणारे नेमण्याची सोयही त्याच कायद्यात होती.

काशिनाथपंत तेलंग वारले आणि १८९३ साली त्यांच्या जागी रानड्यांना हायकोर्टात नेमलं. पुण्याने निरोपाचे समारंभ मोठ्या थाटात केले. १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत ते गेले. एकोणसाठ पुरी व्हायला दोन दिवस होते.