कधीच वारीला न गेलेल्या सावता माळींच्या मळ्यात मिरची आली कुठून?

आषाढी आली की सगळ्या संतांच्या पालख्या पंढरपूरची वाट धरतात. एका संताची पालखी मात्र गावातून हलत नाही. उलट एकादशी झाल्यावर पंढरपूरहून पांडुरंगाचीच पालखी त्यांच्या भेटीला येते. गाव अरण, तालुका माढा, जिल्हा सोलापूर. संत म्हणजे सावता माळी.

परंपरेनुसार त्यांचा जन्म १२५० चा. वडील परसोबा, आई नांगिताबाई. घरात विठ्ठलाची भक्ती होती आणि पंढरपूरही तसं जवळच. तरी सावतोबा वारीला गेले नाहीत, असंच सांगितलं जातं.

का गेले नाहीत? ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. माढ्याकडे पाऊस बेभरवशाचा. विहिरीवर बैलांची मोट चालवायची, पाटाचं पाणी एकेका वाफ्यात फिरवायचं. चार पाळ्या चुकल्या की भाजी माना टाकते. पण सावतोबांनी याची सबब केली नाही. मळ्यातलं काम हीच पूजा, त्यासाठी वेगळं तीर्थ किंवा व्रत नको, असं त्यांनी थेट अभंगातून मांडलं.

त्या काळात हे बोलणं सोपं नव्हतं. आपल्याकडे पूजेची झाडं ठरलेली आहेत. तुळस अंगणात, बेल महादेवाला, दूर्वा गणपतीला. कांदा-लसूण तर नैवेद्यात चालतच नाही, चातुर्मासात अनेक घरांत तो बंदच असतो. सावतोबांनी नेमक्या याच भाज्यांमध्ये विठोबा पाहिला. देवळात कोणाला कुठवर जाता येईल हे जातीवर ठरायचं, त्या काळात एका माळ्याने देवच वाफ्यात आणून ठेवला.

त्यांची सगळ्यात प्रसिद्ध कथाही मळ्यातलीच. जवळच्या लऊळ गावी कूर्मदासांना भेटायला विठ्ठल निघाले, सोबत ज्ञानदेव आणि नामदेव. वाटेत अरण लागलं. दोघांना थांबवून देव एकटेच मळ्यात शिरले आणि लपायला जागा मागू लागले. सावतोबांनी खुरप्याने स्वतःचं पोट चिरून देवाला आत ठेवलं, अशी ही कथा आहे. बाहेर नामदेव देवाला शोधत रडकुंडीला आले.

शके १२१७, म्हणजे १२९५ साली आषाढ वद्य चतुर्दशीला सावतोबा गेले. समाधी अरणलाच आहे. त्यांचे ३७ अभंग आज मिळतात. ते काशीबा गुरवांनी लिहून ठेवले असं मानतात.

आता एक गंमत. त्यांच्या गाजलेल्या अभंगात भाज्यांच्या यादीत मिरचीही आहे. पण मिरची मूळची अमेरिकेतली. पोर्तुगीज १४९८ ला भारतात आले, त्यानंतर ती इकडे पोहोचली, म्हणजे सावतोबांनंतर किमान दोनशे वर्षांनी. दसऱ्याचा झेंडू आणि बांधावरचा फड्या निवडुंगही अमेरिकेतलेच.

मग अभंग खोटा का? तसं म्हणायची घाई नको. अभंग पिढ्यानपिढ्या तोंडी गायले गेले, वह्यांमधून उतरवले गेले. गाणाऱ्यांच्या मळ्यात मिरची आली, तशी ती अभंगातही आली असावी.

चतुर्दशीच्या सुमारास अरणला आजही यात्रा भरते आणि श्रीफळ हंडी फोडली जाते.