ओझं वाहणारा टायगर

सुरुवातीलाच कबूल करतो. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीत निबंध लिहून बरीच वर्षं झाली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. पण हा लेख मला मराठीतच लिहायचा होता, कारण तो सुचला तो आमच्या धारूरला, सुट्टीत घरी गेलो होतो तेव्हा.

धारूर म्हणजे बालाघाटच्या डोंगरावरचं, किल्ल्याचं गाव. लहानपणी त्या किल्ल्याच्या तटावर चढलो की आम्हाला एव्हरेस्ट सर केल्यासारखं वाटायचं! शाळेतल्या जी.के.च्या पुस्तकात शिखरावर उभ्या माणसाचा एक फोटो होता. तोंडावर ऑक्सिजन मास्क आणि हातात उंच धरलेली आईस-अ‍ॅक्स. खाली दोन नावं होती, हिलरी आणि तेनसिंग. मी कितीतरी वर्षं समजत होतो की फोटोतला माणूस हिलरीच. पहिलं नाव त्याचं, म्हणजे फोटोही त्याचाच असणार, नाही का? तो फोटो तेनसिंगचा आहे हे मला इंजिनिअरिंगला आल्यावर कळलं. मग लायब्ररीतून त्यांच्यावरचं पुस्तक काढलं आणि सुट्टीत घरी घेऊन गेलो.

ओट्यावर बसून वाचत होतो. समोर रस्त्यावर ट्रक लागले होते. आमच्याकडे दसरा-दिवाळी आली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादम उचल देतो, टोळी जमवतो आणि कारखान्याकडे घेऊन जातो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. माणसं मोजायची तीही कोयत्यात! पुस्तकात वाचलं की हिमालयातल्या मोहिमांमध्येही असंच असायचं. तिथल्या मुकादमाला 'सरदार' म्हणत. तो हमाल जमवणार, त्यांची मजुरी ठरवणार, कुणी किती ओझं उचलायचं ते बघणार. तेनसिंग त्याच रांगेतून वर आले होते. तिथून पुढे मी ते पुस्तक वेगळ्याच नजरेनं वाचलं.

तेनसिंग यांचा जन्म १९१४ चा. नक्की तारीख कुणीच लिहून ठेवली नव्हती. आईवडिलांना तेरा मुलं, त्यातले हे अकरावे. वडील याक राखायचे. मूळ नाव नामग्याल वांगदी, पण एका मोठ्या लामांच्या सांगण्यावरून ते बदलून तेनसिंग नोर्गे ठेवलं. बालपण एव्हरेस्टच्या पायथ्याजवळच्या भागात गेलं. शाळा नव्हतीच. लिहिता-वाचता त्यांना कधीच आलं नाही, पण बोलायला मात्र अनेक भाषा येत होत्या.

साहेब लोक एव्हरेस्टवर जायला दार्जिलिंगहून हमाल नेतात हे त्यांच्या कानावर आलं होतं. १९३२ च्या शेवटी हा पोरगा घरातून पळून दार्जिलिंगला पोचला. १९३३ च्या ब्रिटिश मोहिमेसाठी भरती सुरू होती. पण शहरात आल्यावर तेनसिंगनी लांब केस कापून नेपाळी पद्धतीचे कपडे घेतले होते. त्यामुळे निवडणाऱ्यांना हा शेर्पा वाटलाच नाही! शिवाय आधी काम केल्याचं सर्टिफिकेट नव्हतं. मोहिमेवर गेल्याशिवाय सर्टिफिकेट नाही, आणि सर्टिफिकेटशिवाय मोहीम नाही. कॅम्पस इंटरव्ह्यूच्या तयारीला लागलेल्या आपल्या फायनल इयरवाल्यांना ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको.

१९३५ मध्ये एरिक शिप्टन एव्हरेस्टच्या पाहणीसाठी निघाले. अगदी शेवटच्या क्षणी दोन जागा शिल्लक होत्या. त्यातली एक तेनसिंगना मिळाली. मजुरी दिवसाला बारा आणे आणि बर्फाच्या वर गेलं तर एक रुपया.

आता हमालाचं आयुष्य म्हणजे काय ते बघा. त्या काळी गाडीरस्ता संपला की पुढे कित्येक आठवडे पायी चालायचं. ओझ्याचा पट्टा कपाळावर घ्यायचा आणि पाठीवर तंबू, धान्य, दोर, रॉकेल असं सगळं. साहेबांच्या आधी उठून चहा करायचा आणि संध्याकाळी त्यांचा तंबू आधी लावायचा. वर बर्फात गेलं की तेच ओझं एका कॅम्पवरून दुसऱ्या कॅम्पवर. इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर मोहीम म्हणजे एक पिरॅमिड. वरच्या टोकाला दोन माणसं एक दिवस उभी राहावीत म्हणून खाली शेकडो माणसांनी महिनोन् महिने सामान चढवायचं. आठ हजार मीटरवर हवेतला ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या साधारण एक-तृतीयांश मिळतो. तिथं रिकाम्या हातानं चालताना दम लागतो, मग पाठीवर ओझं असेल तर काय होत असेल?

१९३५, १९३६ आणि १९३८ अशा तीन ब्रिटिश मोहिमांमध्ये तेनसिंगनी ओझं वाहिलं. १९३८ साली सगळ्यात वरच्या कॅम्पपर्यंत ओझं पोचवल्याबद्दल त्यांना 'टायगर' हा मान मिळाला. हिमालयन क्लब असा बिल्ला निवडक शेर्पांना द्यायचा.

पण तेनसिंग यांचं वेगळेपण इथंच आहे. बहुतेकांसाठी हा पोटापाण्याचा धंदा होता आणि त्यात चूक काहीच नाही. तेनसिंगना मात्र मजुरीही हवी होती आणि शिखरही हवं होतं. हमालानं शिखराचं स्वप्न बघायचं, हे त्या काळी ना साहेबांना पटायचं, ना बरोबरच्या माणसांना.

मग महायुद्ध आलं आणि मोहिमा थांबल्या. तेनसिंग चित्रालला एका ब्रिटिश अधिकाऱ्याकडे नोकरीला होते. आधी चार वर्षांचा मुलगा गेला होता. १९४४ मध्ये पत्नी दावा फुटीही गेली. दोन लहान मुलींना घेऊन ते दार्जिलिंगला परत आले. हातात काम नाही. पुढे आंग ल्हामू यांच्याशी लग्न झालं आणि त्यांनीच घर सावरलं.

१९४७ मध्ये एका स्विस मोहिमेबरोबर ते गढवालला गेले. मोहिमेचा सरदार जखमी झाला आणि ती जबाबदारी तेनसिंगवर आली. १९५१ मध्ये फ्रेंच मोहिमेबरोबर नंदादेवीला गेले असताना दोन गिर्यारोहक वर बेपत्ता झाले. त्यांचा शोध घेता घेता तेनसिंग आणि लुई द्यूबो नंदादेवी पूर्व या शिखरावर पोचले. आपल्या आयुष्यातली सर्वात अवघड चढाई कोणती, तर एव्हरेस्ट नव्हे, ही, असं ते नंतर सांगत.

१९५२ साली स्विस मोहीम नेपाळच्या बाजूनं एव्हरेस्टवर निघाली. तेनसिंग सरदार होतेच, पण स्विस लोकांनी त्यांना चढाईच्या टीमचा पूर्ण सभासदही करून घेतलं. हमाल आणि साहेब यांच्यामधली रेघ तिथं पहिल्यांदा पुसली गेली. त्यांचा जोडीदार रेमंड लँबर्ट. हिमदंशानं त्याच्या पायाची बोटं आधीच गेलेली! या दोघांनी सगळ्यात वरच्या तंबूत स्लीपिंग बॅग आणि स्टोव्ह नसताना रात्र काढली. मेणबत्तीवर बर्फ वितळवून घोट घोट पाणी प्यायले. दुसऱ्या दिवशी, २८ मे ला, साधारण ८,६०० मीटरपर्यंत गेले आणि तिथून परत फिरले. त्याआधी इतक्या उंचीवर कुणी पोचल्याची नोंद नव्हती. त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर स्विस पुन्हा गेले. त्यात बर्फ कोसळून मिंग्मा दोर्जे हा शेर्पा गेला. तेनसिंग स्वतः मलेरिया घेऊन परतले.

१९५३ मध्ये कर्नल जॉन हंट यांच्या ब्रिटिश मोहिमेचं बोलावणं आलं. सरदार म्हणून आणि चढाईचा सभासद म्हणूनही. वय ३९, तब्येत पूर्ण सुधारलेली नाही, आणि हा एव्हरेस्टचा सातवा प्रयत्न. घरून विरोध होता, तरी गेले.

काठमांडूत पहिल्याच रात्री वाजलं. ब्रिटिश वकिलातीत साहेबांची सोय खोल्यांमध्ये आणि शेर्पांची गॅरेजमध्ये. तिथं संडाससुद्धा नव्हता. तेनसिंगना खोली देऊ केली होती, पण ते आपल्या माणसांबरोबर गॅरेजमध्येच झोपले. सकाळी शेर्पांनी वकिलातीच्या समोरच लघवी करून निषेध नोंदवला! हसू येतं वाचून, पण विचार करा. एकीकडे आपली माणसं चिडलेली आणि दुसरीकडे ज्यांच्या मोहिमेतून शिखर गाठायचं ते साहेब. मुकादमाची जागा ही अशी मधली असते. दोन्हीकडून बोलणी खायची आणि काम पुढे न्यायचं. तेनसिंगनी ते केलं.

या मोहिमेत ३६२ हमाल आणि वीस शेर्पा होते. सामान साडेचार टन. खुंबूच्या हिमप्रपातात, म्हणजे भेगांनी भरलेल्या त्या बर्फाच्या उतारावर, हिलरी एका भेगेत पडले. तेनसिंगनी क्षणात आईस-अ‍ॅक्स रोवून दोर आवळला आणि त्यांना वाचवलं. त्यानंतर या दोघांची जोडी जमली. २६ मे ला बूर्दियाँ आणि इव्हान्स ही पहिली जोडी दक्षिण शिखरापर्यंत जाऊन परतली. त्याच दिवशी स्वतः हंट आणि दा नामग्याल शेर्पा पुढच्या कॅम्पचं सामान वर ठेवून आले. २८ मे ला लो, ग्रेगरी आणि आंग न्यिमा यांनी बाकीचं सामान चढवलं. हिलरी आणि तेनसिंग यांना त्या रात्री तंबू आणि ऑक्सिजन मिळाला तो या लोकांच्या पाठीवरून. दा नामग्याल आणि आंग न्यिमा ही नावं माझ्या जी.के.च्या पुस्तकात नव्हती. तुमच्या होती का?

२९ मे ला सकाळी हिलरींचे बूट गोठून दगड झाले होते. ते स्टोव्हवर धरून मऊ करण्यात दोन तास गेले. साडेसहाला दोघं निघाले आणि साडेअकराला शिखरावर. तेनसिंगच्या गळ्यात लँबर्टनी दिलेला लाल स्कार्फ होता. त्यांनी बर्फात खाऊ पुरला आणि लेकीनं दिलेली लाल-निळी पेन्सिल ठेवली. हिलरींनी त्यांचा फोटो काढला. हिलरींचा शिखरावरचा फोटो मात्र काढलाच गेला नाही. पंधरा मिनिटांनी दोघं उतरायला लागले.

खाली आल्यावर वेगळीच चढाई सुरू झाली. पहिलं पाऊल कुणाचं? तेनसिंग नेपाळचे की भारताचे? काठमांडूच्या मिरवणुकीत तेनसिंग हिलरींना दोरानं ओढून वर नेतायत असं चित्र लावलेलं होतं. हंट आणि हिलरी 'सर' झाले. तेनसिंगना जॉर्ज मेडल मिळालं, म्हणजे इथंही रांग वेगळीच. पंडित नेहरूंनी मात्र त्यांना घरच्यासारखं वागवलं आणि स्वतःच्या कपाटातले कपडे दिले.

पहिल्या पावलाचा वाद त्यांना कायमचा गुलदस्त्यात ठेवता आला असता. दोन वर्षं दोघांनी जवळजवळ एकदमच पोचलो असं सांगितलंही. पण १९५५ च्या आत्मचरित्रात तेनसिंगनी सरळ सांगून टाकलं की हिलरी पुढे होते, मी मागे. चाहते नाराज होणार हे माहीत असूनही. मला वाटतं, हा माणूस खरा मोठा झाला तो इथं.

४ नोव्हेंबर १९५४ ला दार्जिलिंगमध्ये हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली. प्रिन्सिपल मेजर नंदू जयाल आणि फील्ड ट्रेनिंगचे प्रमुख तेनसिंग. ज्याला शाळा मिळाली नाही, तो शिकवायला लागला! १९७६ पर्यंत त्यांनी तिथं मुलं घडवली. १९५९ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९७८ मध्ये स्वतःची ट्रेकिंग कंपनी काढली. म्हणजे हमाल, सरदार, सभासद, शिक्षक आणि शेवटी मालक. ९ मे १९८६ ला दार्जिलिंगलाच त्यांचं निधन झालं. अंत्ययात्रेला हिलरी आले होते. आज प्लूटोवरच्या एका पर्वतरांगेलाही तेनसिंगचं नाव आहे.

आता एव्हरेस्टवर पैसे भरून जाता येतं. आपल्या महाराष्ट्रातूनही पुष्कळ जण जाऊन आले आणि त्याचा अभिमान आहेच. पण शिड्या लावणं, दोर बांधणं, ऑक्सिजनच्या नळ्या वर पोचवणं हे काम अजूनही मुख्यतः शेर्पाच करतात. १८ एप्रिल २०१४ ला खुंबूत बर्फ कोसळून सोळा जण गेले. सगळे नेपाळी कामगार. सीझन नुकताच सुरू झाला होता आणि ते इतरांसाठी सामान वर नेत होते.

त्या संध्याकाळी मी पुस्तक मिटलं तेव्हा समोरचा ट्रक भरला होता. वर भांडीकुंडी, पत्रे, शेळी, आणि त्यावर बसलेली चिल्लीपिल्ली. त्यातल्या एकालाही मी नावानं ओळखत नव्हतो. माझं गाव असून! आपल्या चहात रोज साखर पडते ती यांच्याच डोक्यावरच्या मोळीतून, आणि मला त्यांची संख्या कळते ती फक्त कोयत्यांत.

आपल्या होस्टेलवरही काही मित्र आहेत ज्यांचे आईवडील या सीझनला फडात असतात. ते फारसं बोलत नाहीत याबद्दल. कधीतरी रात्री मेसनंतर त्यांच्या खोलीत जाऊन बसा आणि विचारा. मी गेलो होतो. आधी घरच्यांची नावं विचारली, आणि मग गप्पा पहाटे दोनपर्यंत चालल्या.