खाँसाहेबांचा सूर आणि तबकडीची गती

संगीतात घराण्याला मोठा मान आहे. पण ज्यांच्या घरात गाणे नाही, त्यांनी ते कोठून घ्यावे? उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या चरित्रात या प्रश्नाचे उत्तर सापडते.

खाँसाहेबांचा जन्म १८७२ साली आजच्या उत्तर प्रदेशातील कैराना येथे झाला. या गावावरूनच किराणा घराणे हे नाव पडले. बडोद्याच्या दरबारात काही काळ गाऊन ते पुढे मिरजेत स्थायिक झाले. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर ही त्यांची मुले; परंतु विद्या त्यांनी रक्ताच्या नात्यापुरती ठेवली नाही. सवाई गंधर्व हे त्यांचेच शिष्य.

सुराच्या बाबतीत खाँसाहेब अत्यंत काटेकोर होते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल श्रुतींची मोजमापे करीत, तेव्हा खाँसाहेबांच्या गळ्याचे त्यांना साहाय्य झाले.

हाच सूक्ष्म सूर पुढे लाखेच्या तबकडीवर उतरला. तबकडीने मिनिटाला ७८ फेरे घ्यावेत असा संकेत रूढ झाला. गती शेकडा सहाने वाढली, तर काळी एकमधले गाणे पांढरी दोनमध्ये ऐकू येते. यावर एक साधा उपाय आहे. ७७ रेघा आखलेली कागदी चकती फिरत्या तबकडीवर ठेवून विजेच्या दिव्याखाली पाहावी. आपल्याकडील विजेवर दिव्याचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. एका लहरीपासून दुसरीपर्यंत प्रत्येक रेघ पुढच्या रेघेच्या जागी आली, की फिरत्या रेघा स्थिर भासतात. त्या पुढे सरकल्या तर यंत्र जलद, मागे सरकल्या तर मंद. मात्र चकती यंत्राची गती सांगते. जुनी तबकडी नेमक्या कोणत्या गतीने मुद्रित झाली, ते कानानेच ठरवावे लागते.

गदगच्या भीमसेन जोशींनी बालपणी खाँसाहेबांची तबकडी ऐकली, आणि गुरूच्या शोधात घर सोडले. पुढे ते सवाई गंधर्वांचे शिष्य झाले.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासकडील सिंगपेरुमाळकोइल स्टेशनवर खाँसाहेबांनी देह ठेवला. मिरजेस मीरासाहेबांच्या दर्ग्यात ते विसावले आहेत.

घरात कॉलेजचे तोंड पाहणारे आपण पहिलेच, असे नांदेड-लातूरकडचे आपण कितीतरी जण आहोत. गाण्याचा वारसा आपल्याला नाही. तबकडी मात्र वारस विचारीत नाही. ती योग्य गतीने फिरविणे तेवढे आपल्या हाती आहे.