अ‍ॅना पावलोव्हा : हंसाच्या पिसांपासून अजिंठ्यापर्यंत

दुबईतल्या कोणत्याही मोठ्या वसाहतीत शनिवारी सकाळी गुलाबी जाळीदार झग्यातल्या लहान मुली आईचे बोट धरून बॅलेच्या वर्गाला निघालेल्या दिसतात. त्यांत मराठी घरांतल्याही पुष्कळ असतात. हा झगा म्हणजे टूटू. 2016 साली दुबई ऑपेरा सुरू झाल्यापासून हे नृत्य आपल्या मंडळींच्या अधिकच परिचयाचे झाले आहे. पण ज्या नर्तिकेमुळे पांढऱ्या टूटूचे चित्र जगभरच्या मनांत कोरले गेले, त्या अ‍ॅना पावलोव्हाचा मुंबईशी आणि अजिंठ्याशी काय संबंध होता, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

पावलोव्हाचा जन्म 1881 साली सेंट पीटर्सबर्गमध्ये झाला. आई कपडे धुण्याचे काम करून घर चालवी. मुलगी लहानपणापासून अशक्त, किरकोळ बांध्याची. आठ-नऊ वर्षांची असताना आईने तिला मारिन्स्की नाट्यगृहात ‘स्लीपिंग ब्यूटी’ हे बॅले दाखवायला नेले आणि तिचे आयुष्य तिथेच ठरले. शाही नृत्यशाळेने पहिल्या खेपेस तिला परत पाठवले. 1891 मध्ये प्रवेश मिळाला. तिच्या पायाची कमान फार उंच होती आणि घोटे नाजूक होते. त्या काळी पीटर्सबर्गमध्ये भरीव, बळकट पायांच्या इटालियन नर्तिकांचा दबदबा होता, त्यामुळे बरोबरीच्या मुली तिच्या काटकुळेपणाची थट्टा करीत. बोटांच्या टोकांवर उभे राहण्याचे बूट तिने पुढे आपल्या पायाला मानवतील असे आतून कडक करून घेतले. आज सर्वच नर्तिका तसे कडक बूट वापरतात.

तिच्या वाट्याला आलेल्या टूटूलाही अर्धशतकाहून अधिक इतिहास होता. 1832 साली पॅरिसमध्ये मारी ताल्योनी ‘ला सिल्फीद’मध्ये घंटेच्या आकाराचा, पोटरीपर्यंत येणारा तलम पांढरा घोळ नेसून नाचली, तेव्हापासून या वेषाची परंपरा सुरू होते. नर्तिका जमिनीवर नसून धुक्यात तरंगते आहे, असा भास त्या कापडातून निर्माण करायचा होता. त्या भासाची किंमत कधीकधी भयंकर असे. रंगमंचावर गॅसचे दिवे उघडे जळत. ताल्योनीची लाडकी शिष्या एमा लिव्री हिच्या झग्याने 1862 मध्ये तालमीच्या वेळी पेट घेतला आणि आठ महिन्यांनी, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, तिचा मृत्यू झाला. कापड आग न धरणारे करण्याची प्रक्रिया तेव्हा उपलब्ध होती. पण त्याने झगा मळकट आणि ताठ होतो म्हणून तिने ती नाकारली होती.

पुढे इटालियन नर्तिकांनी पायांचे अवघड काम प्रेक्षकांना दिसावे म्हणून घोळ गुडघ्याच्या वर नेला. आपल्याकडे लावणीच्या नऊवारीचा कासोटा पावलांना जी मोकळीक देतो, तीच निकड इथेही होती. थाळीसारखा आडवा पसरलेला, आत तारेचे कडे घातलेला ताठ टूटू ही त्यानंतरची पायरी. पावलोव्हाचा टूटू या दोन टोकांच्या मधला होता : आखूड, पण मऊ आणि कडेला किंचित खाली झुकलेला.

मिखाईल फोकीनने तिच्यासाठी बसवलेला ‘मरणारा हंस’ याच वेषातला. सां-साँसच्या संगीतावरचे ते जेमतेम दोन-तीन मिनिटांचे नृत्य. लेऑन बाक्स्टने त्याचा वेष आखला होता. कमरेच्या दोन्ही बाजूंना पिसांचे पंख, डोक्यावर पिसे आणि छातीवर रक्ताच्या थेंबासारखा तांबडा खडा. त्या नृत्यात चमत्कृती नाही, गिरक्यांची आतषबाजी नाही. एक पक्षी मरतो आणि प्रेक्षक ते पाहतात. एवढ्या बळावर पावलोव्हा जगभर फिरली. 1912 मध्ये तिने लंडनच्या गोल्डर्स ग्रीन भागात घर घेतले, तिथल्या तळ्यात हंस पाळले आणि स्वतःचा संच घेऊन ती अशा गावांतही गेली, जिथे बॅले हा शब्दही पोहोचला नव्हता.

हिंदुस्थानाशी तिची पहिली भेट रंगमंचावरच झाली होती. ‘ला बायादेर’मध्ये ती निकिया नावाच्या देवदासीची भूमिका करी. या बॅलेच्या उत्तरार्धात मृत देवदासींच्या छाया हिमालयाच्या उतारावरून एकामागून एक खाली येतात, आणि सर्वांनी शुभ्र टूटू घातलेला असतो. पीटर्सबर्गच्या कल्पनेतला हिंदुस्थान असा होता!

खरा हिंदुस्थान तिने 1922च्या अखेरच्या दौऱ्यात पाहिला. मुंबईत तिचे प्रयोग झाले. इथले नृत्य पाहण्याची तिला ओढ होती. पण मंदिरांतले आणि कोठ्यांवरले नृत्य तेव्हा प्रतिष्ठित समाजाने दूर लोटलेले होते, परक्या पाहुण्याच्या नजरेस ते सहज पडणे शक्य नव्हते. दगडावर आणि भिंतींवर मात्र ते शाबूत होते. 1923 मध्ये लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये तिने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून स्फुरलेले बॅले सादर केले. त्याच हंगामात ‘राधा-कृष्ण’ आणि ‘हिंदू विवाह’ ही नृत्येही आली. ती बसवली होती उदय शंकर यांनी. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून लंडनला चित्रकला शिकायला गेलेला हा तरुण कृष्ण झाला आणि जगातली सर्वांत प्रसिद्ध बॅलेरिना टूटू उतरवून राधेच्या वेषात त्याच्याबरोबर नाचली. ही नृत्ये शास्त्रशुद्ध नव्हती, आज त्यांत त्रुटी काढणे सोपे आहे. माझ्या मते महत्त्व आहे ते त्यानंतर तिने जे केले त्याला.

उदय शंकर यांना तिने बॅलेत गुंतवून ठेवले नाही. आपल्या देशाच्या नृत्याकडे वळण्याचा आग्रह धरला. 1928च्या मुंबई भेटीत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी तिचा प्रयोग पाहिला. पुढे ऑस्ट्रेलियाच्या प्रवासात दोघी एकाच जहाजावर होत्या. रुक्मिणीदेवींनी तिच्या संचातल्या नर्तिकेकडे बॅलेचे धडेही घेतले, पण पावलोव्हाने त्यांना स्वतःच्या परंपरेचा शोध घ्यायला सुचवले. 1936 मध्ये त्यांनी चेन्नईत उभी केलेली संस्था म्हणजे कलाक्षेत्र.

मुंबईतच तिचे प्रोत्साहन लाभले ते लीला सोखी यांना. हाफकिन संस्थेचे संचालक झालेल्या साहिबसिंग सोखी यांच्या या पत्नी, रंगमंचावरील नाव मेनका. त्यांनी कथकच्या आधारे नृत्यनाट्ये उभी केली, 1936 मध्ये बर्लिनच्या नृत्यस्पर्धेत पारितोषिके मिळवली आणि पुढे खंडाळ्याला नृत्यशाळा काढली. एका सुशिक्षित घरातल्या विवाहित स्त्रीने तेव्हा नाचणे म्हणजे काय होते, याची कल्पना आपल्या आज्यांच्या पिढीकडे पाहून करता येईल.

पावलोव्हाचा शेवट प्रवासातच झाला. 1931च्या जानेवारीत हॉलंडच्या दौऱ्यावर असताना तिच्या फुप्फुसाच्या आवरणाला सूज आली. शस्त्रक्रियेनंतर नाचता येणार नाही हे कळल्यावर तिने ती नाकारली, असे सांगतात. 23 जानेवारीला, पन्नाशी पुरी व्हायला तीन आठवडे उरले असताना, हेग येथील एका हॉटेलात ती गेली. अखेरच्या क्षणी तिने हंसाचा झगा तयार ठेवायला सांगितल्याची आख्यायिका आहे. त्यानंतर लंडनमधल्या एका प्रयोगात सां-साँसची धून वाजवण्यात आली. पडदा उघडा होता, प्रकाशझोत रिकाम्या रंगमंचावर फिरत होता आणि प्रेक्षक उभे होते.

मेनकांच्या संचात तेव्हा दमयंती जोशी नावाची एक मराठी मुलगी लवकरच दाखल होणार होती. कथकमध्ये मोठे नाव मिळवलेल्या या नर्तिकेने पुढे घागरा आणि चुडीदार बाजूला ठेवून साडी नेसून कथक केले. त्या मंचावर साडी आणण्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते.